बकाची बोडी

दुधराम कापगते चौतीस वर्षं कालवा निरीक्षक होते. कोणत्या गावाला किती दिवस पाणी, कुठलं गेट किती वर, कोणी कोणाच्या धानाच्या बांधीतून चोरून पाणी वळवलंय, हे ते सायकलवरून उतरायच्या आत सांगत. शेतकरी त्यांना भीत, निदान तसं दाखवत. मग निवृत्त झाले, गोंदियाच्या कडेला फुलचूरमध्ये एका लेआउटात घर बांधलं, आणि दोनच वर्षांत अशी वेळ आली की रोज सकाळी सहा वाजता एक कुत्रं त्यांना दोरीला बांधून भर रस्त्यानं ओढत न्यायचं.

कुत्रं मुलाचं. हिमांशु पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यानं हौसेनं लॅब्राडोर पाळला, मग कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं, आणि "बाबा, फक्त दोन महिने" म्हणून तो कुत्रं आणून सोडून गेला. त्याला आता चौदा महिने झाले होते. कुत्र्याचं नाव बकलावा. ही एक परदेशी मिठाई असते, याचा रंग तसाच म्हणून नाव तसं, असं हिमांशुनं आईला समजावलं.

"मिठाईचंच नाव ठेवाचं होतं तं पेढा ठेवाचा होता," पुष्पांजलीबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बकलावाचा बका करून टाकला.

इथवर कोणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण कापगत्यांच्या भिंतीला भिंत लावून बकाराम रहांगडाले यांचं घर होतं. बकाराम अडुसष्ट वर्षांचे. धान मळायचं यंत्र आणि ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्यानं देण्यात आयुष्य गेलेलं. बायको फार पूर्वी वारली, मुलगा रायपूरला, नव्वदीची आई तीन वर्षांमागं गेली. तेव्हापासून हा गडी पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून रस्ता बघायचा आणि डब्याचं जेवायचा. तर या माणसाच्या कानावर सकाळपासून पडू लागलं, "बका, नालीत तोंड घालू नोको." "बका, काल आंगनात घान कोनं केली?" "बका, ते चप्पल सोड, माह्या बहिनीची होय." "बका, जेवाले ये." रस्त्यानं जाणारी पोरं थांबून हसायची.

तिसऱ्या दिवशी बकाराम भिंतीपाशी आले.

"वहिनी, तुमी माहं नाव घेऊन राहिल्या."

"तुमचं नाही जी. कुत्र्याचं."

"तेच तं मी म्हनून राहिलो."

त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. बका मात्र दोन्हीकडे जायचा. त्याला भिंत लहान होती.

दुधरामजींना भांडणाचं फारसं काही वाटलं नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं. माणसानं बैलजोडी हाकावी, म्हैस हाकावी. कुत्र्यामागं पळताना कोणी त्यांच्या खात्यातल्या माणसानं बघितलं तर काय, या धास्तीनं ते भर उन्हाळ्यातही तोंडाला गमछा बांधून निघायचे. व्हायचं ते जानेवारीत झालं. समोशाच्या टपरीसमोर बकाला रस्त्यापलीकडची एक पांढरी कुत्री दिसली, ते त्या दिशेला निघालं आणि मधे नाली आहे हे त्यानं लक्षात घेतलं. दुधरामजींनी घेतलं नाही.

त्यांना बाहेर काढलं रुची शहारेनं. ही मुलगी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होती, मागच्याच गल्लीत राहायची आणि गल्लीतल्या सहा मोकाट कुत्र्यांना रोज भात घालायची. कुत्री तिच्यामागून चालायची, म्हणून लोक तिला पाच पावलं लांबून नमस्कार करायचे.

"काका, लागलं का?"

"लागलं नाही. दिसलं का कोनाले?"

"टपरीवरच्या सगळ्यायले दिसलं," रुची म्हणाली. ती खोटं बोलत नसे. मग दोरी हातात घेऊन तिनं बकाला खाली बसवलं. तो बसला, जसा काही रोज बसतो. "काका, हे वांड नाही. याले धावाले जागा पाहिजे. मोठ्या शहरात कुत्र्यायसाठी बाग असते. कुंपन घातलं, आत सोडलं, ते दमते, आपन बसून राहाचं. आपल्या लेआउटात खुली जागा पडूनच आहे ना?"

पडून होती हे खरं. नकाशात तिला 'खुली जागा' म्हटलं होतं. प्रत्यक्षात तिथं माणूसभर उंच बेशरमची झुडपं, गाजरगवत, फुटक्या कौलांचा ढीग, कोणाचं तरी एक संडासाचं भांडं, आणि एका कोपऱ्यात चाक नसलेली बकारामची जुनी ट्रॉली होती. 'बसून राहाचं' हे दोन शब्द दुधरामजींच्या मनात घर करून राहिले.

सभा ठेवली सुमनबाई रामटेके यांच्या ओसरीवर. सुमनबाई निवृत्त नर्स. लेआउटातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच जगात आणलेलं, त्यामुळे त्यांनी बोलावल्यावर येत नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. त्यांनी निरोप तोंडी फिरवला: रविवारी चार वाजता, डॉग पार्कची सभा. आता गोंदियात निम्मं बोलणं हिंदीतून चालतं. निरोप दोन गल्ल्या ओलांडून गेला तेव्हा त्याचं 'डाक पार्क' झालं होतं.

रविवारी सव्वीस माणसं आली. दुधरामजींना भरून आलं. मग त्यांना दिसलं की अकरा जणांच्या हातात पासबुकं आहेत. निवृत्त मास्तर चंद्रशेखर बोपचे यांनी तर लेखी मागणी आणली होती की नव्या डाकघरात पेन्शनवाल्यांची रांग वेगळी असावी आणि तिथं पंखा असावा.

दुधरामजींनी उभं राहून नीट समजावून सांगितलं.

"म्हंजे डाकघर नाही," मास्तर म्हणाले.

"नाही जी."

"कुत्र्यायसाठी बगीचा."

"हो जी."

"आनि मानसायसाठी?"

उत्तर सुमनबाईंनी दिलं. "मानसायसाठी कुत्र्यायपासून सुटका, मास्तर. मागच्या महिन्यात तुमच्या नातवाच्या मागं कुत्री लागली तेव्हा पट्टी कोनं बांधली? ते सहाही आत राहतीन. रुचीबाई त्यायले सुया टोचन, नसबंदी करन, भात आतमंदीच घालन. रस्ता मोकळा."

मास्तरांनी मागणीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते बसून राहिले. उठून गेले ते सतरा. राहिले ते नऊ, आणि काम त्या नवांनीच केलं. सरपंच चंद्रकांताबाईंनी ग्रामपंचायतीचं पत्र दिलं. बकारामनी एवढंच कळवलं की आपली ट्रॉली जिथं आहे तिथून वीतभर हलणार नाही. ती चाकाअभावी हलण्यासारखी नव्हतीच, तेव्हा हे सगळ्यांनी मान्य केलं.

चार रविवार श्रमदान चाललं. बेशरमचं झाड नावासारखंच असतं. कापलं की हसत पुन्हा उगवतं. मास्तर सब्बल घेऊन मुळं खणायचे आणि प्रत्येक मुळाला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं नाव द्यायचे. प्रफुल नावाचा वायरमन कुंपणाची जाळी ओढायचा. सुमनबाई चहा आणायच्या आणि कोणी फावड्याला टेकून उभं दिसलं तर त्याची नाडी बघायच्या. बकाराम दर रविवारी आपली खुर्ची उचलून त्या जागेच्या कडेला आणून बसायचे. मदत नाही, विरोध नाही, नुसतं बघणं.

दुसऱ्या रविवारी दुधरामजींनी खिशातून एक कागद काढला. पार्कच्या मधोमध त्यांनी निळ्या पेनानं एक गोल काढला होता.

"हे काय?" रुचीनं विचारलं.

"बोडी," दुधरामजी म्हणाले. "कुत्र्यायले उन्हाळ्यात पान्यात बसाले."

बोडी म्हणजे लहान तळं. रुचीच्या मनात सिमेंटची एक टाकी होती, दोन घमेली वाळू आणि एक पोतं सिमेंटात होईल अशी. दुधरामजींच्या कागदावर मात्र पाळ, म्हणजे मातीचा बांध, होती, पाळीचा आतला उतार आणि बाहेरचा उतार वेगवेगळा दाखवला होता, जादा पाणी जायला सांडवा होता, आणि पाणी सोडायला तोटीच्या जागी लाकडी खुंटीचं दार होतं. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पाळीची माती थराथरानं ओतावी, प्रत्येक थर तुडवावा.'

"काका, कुत्री बसनार आहेत. धान नाही लावाचं."

"कुत्री बसो का म्हैस बसो, पाळ पाळीसारखी पाहिजे."

याचं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुष्पांजलीबाईंना सांगायची गरज नव्हती. कापगते नवेगाव बांधकडचे कोहळी, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारे. त्यांच्या घरात पोर बोलायला लागलं की आधी सांगायचे, अमुक तलाव तुझ्या खापरपणज्यानं बांधला, तमुक बोडी पणज्यानं. दुधरामजींच्या आजोबांनी मरताना विचारलं होतं, दुध्या, तू कोणता बांधशील? दुध्यानं पुढं चौतीस वर्षं दुसऱ्यांनी बांधलेल्या पाण्याची दारं उघडली आणि बंद केली, नोंदवहीत सही केली. त्यांचं स्वतःचं असं एक घमेलं पाणीसुद्धा या पृथ्वीवर कुठं अडलेलं नव्हतं.

म्हणून ते बसनं जाऊन गावाकडून चार पोती कन्हार माती घेऊन आले. कन्हार म्हणजे काळी, चिकट, पायाला धरली की चप्पल ठेवून घेणारी. कंडक्टरनं पोत्यात काय आहे विचारलं. "माती," ते म्हणाले. "गोंदियात माती नाही का?" "अशी नाही." मग पुढचे दोन रविवार नऊ माणसं त्या मातीवर गोल गोल फिरून पाय आपटत होती. बका मधे बसून बघायचा. मास्तर म्हणाले की आपण आयुष्यात इतका वेळ एका जागी फक्त लग्नात नाचलो होतो, तेही दुसऱ्याच्या.

बोडी तयार झाली. एका खोलीएवढी, गुडघाभर खोल, सुबक. फक्त कोरडी. फेब्रुवारी संपत आला होता, आभाळात ढगाचा कण नाही, आणि नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. लेआउटात पाइप पोचेल इतक्या जवळ बोअरवेल एकच होती. तिचं बटण बकारामच्या पोर्चमध्ये, खुर्चीवर बसल्या बसल्या हात पोचेल अशा जागी होतं.

दुधरामजी गेले. चौदा महिन्यांनी भिंतीला वळसा घालून ते पहिल्यांदा शेजारच्या फाटकातून आत शिरले.

"पानी पाहिजे," ते म्हणाले.

"मालूम आहे," बकाराम म्हणाले. ते चार रविवार याचीच वाट बघत असावेत. "देतो. एकच अट. कुत्र्याचं नाव बदला."

"बदलतो. मोती ठेवतो."

"मोती नाही. दुधराम ठेवा."

दुधरामजींनी बोअरच्या बटणाकडं बघितलं.

"मंग समजन तुमाले," बकाराम म्हणाले, "कसं लागते."

कोणीही दुसरा माणूस असता तर तिथंच नाही म्हणाला असता. दुधरामजी परत येऊन पाळीवर बसले. बोडीकडं बघितलं. तळाशी कन्हार वाळून तिला केसासारख्या बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. अजून चार दिवस, की पाळ उकलली असती. त्यांनी एकदा बकाकडं बघितलं, तो त्यांच्याच चपलेचा अंगठा चावत होता. घरी जाऊन ते म्हणाले, "रविवारी कुत्र्याचं बारसं करून टाकू."

बारसं झालं. सुमनबाईंनी घुगऱ्या वाटल्या. पाळणा नव्हता आणि असता तरी तीस किलोचं बाळ त्यात मावलं नसतं, म्हणून बकाला ट्रॉलीवर चढवलं आणि रुचीनं त्याच्या कानात सांगितलं, "दुधराम." त्यानं कान झटकला. बायकांनी हसू दाबत एक पाळणा म्हटला. दुधरामजी सरळ उभे होते, झेंडावंदनाला उभं राहावं तसे. बकारामनी पोर्चमध्ये हात लांबवून बटण दाबलं, आणि पाइपातून आधी हवा, मग माती, मग पाणी आलं. दुधरामजींना बाकी काही ऐकू आलं नाही.

या सगळ्यात एका माणसाला कोणी विचारलंच नव्हतं.

पुष्पांजलीबाईंनी छत्तीस वर्षांत उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. राशनच्या दुकानात कार्डावरचं नाव विचारलं तर त्या म्हणत, "चहात टाकते ते, अना त्याच्यापुढं देव." सासू असेपर्यंत तर त्यांनी दुधालाही दूध म्हटलं नव्हतं. आता त्या नवऱ्याच्या नावानं अंगणात उभं राहून हाक मारणार, आणि तीही "नालीत तोंड घालू नोको" म्हणून?

"मी नाही बोलावत," त्या म्हणाल्या. "तुमचं कुत्रं, तुमचं नाव, तुमीच बोलवा."

दुधरामजींनी अंगणात जाऊन हाक मारली, "दुधराम." रस्त्यावरून जाणारे मास्तर थांबून म्हणाले, "स्वतःलेच शोधून राहिले का जी?" त्यानंतर त्यांनीही हाक मारली नाही. तीन दिवस ते कुत्रं बिननावाचं राहिलं. पुष्पांजलीबाई थाळी वाजवायच्या, ते यायचं, खायचं, जायचं. अंगण असं शांत झालं की चिमण्यांची भांडणं ऐकू यायची.

चौथ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला दुधरामजी जेवायला बसले होते. खिडकीतून त्यांना भिंतीपलीकडं बकारामचं डोकं दिसलं. ते बराच वेळ तिथंच होतं.

"वहिनी," बकाराम म्हणाले.

पुष्पांजलीबाई हात पुसत बाहेर गेल्या.

"आजकाल तुमी बकाले जेवाले नाही बोलावत."

"आता तो बका नाही ना जी. तुमीच तं बदलवलं."

"हो." बकारामनी भिंतीवरचा एक पोपडा नखानं काढला. "मले वाटलं बरं वाटन."

कोणाला बोलू द्यायचं असेल तर गप्प राहायचं, हे पुष्पांजलीबाईंना येत होतं. दुधरामजी घास हातात धरून बसले.

"माही माय असंच बोलवे," बकाराम म्हणाले. "एक वाजला का दारात येऊन. बका, जेवाले ये, भात निवून राहिला. मी ट्रॅक्टरखाली राहो का कुठं राहो. पासष्ट वर्षांचा झालो तरी. मंग ते गेली. मंग तुमच्या घरून तसंच्या तसं येऊ लागलं. अना वहिनी, मी उठो. दरवेळेस खुर्चीवरून उठो. उभा राहो तेव्हा ध्यानात ये का आपल्याले नाही, कुत्र्याले आहे. चौदा महिने, रोज. मानसाले राग येनार नाही तं काय?"

"मंग आता तं सुटले."

"आता एक वाजते अना कोनीच उठवत नाही," बकाराम म्हणाले. "हे त्याच्याहून खराब आहे."

दुधरामजींनी तो घास ताटात परत ठेवला. इतके दिवस त्यांना वाटायचं की हा माणूस आपल्या कुत्र्यावर, आपल्या पार्कवर, आपल्या बोडीवर टपून बसलाय. तो नुसता एक वाजायची वाट बघत बसलेला होता.

मग पुष्पांजलीबाईंचा आवाज आला, नेहमीचा, अंगणातून रस्त्यापर्यंत जाणारा. "बका, जेवाले ये, भात निवून राहिला."

ट्रॉलीखाली झोपलेलं कुत्रं ताडकन उठून धावत आलं. भिंतीपलीकडचं डोकं मात्र जागचं हललं नाही.

"तुमाले म्हनलं जी," त्या म्हणाल्या. "त्याचं तं कधीचंच झालं. फाटकातून या, भिंतीवरून नोको."

त्या दिवसापासून एक वाजता एकच हाक पडायची आणि दोघं यायचे. कुत्र्याचं दुसरं बारसं कोणी केलं नाही. पहिलं सगळ्यांनी आपोआप विसरून टाकलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी पार्क सुरू झाला. सरपंच चंद्रकांताबाई फीत कापायला आल्या. रुचीची सहा कुत्री गळ्यात लाल पट्टे घालून ओळीत होती. मास्तरांनी फळ्यावर सुंदर अक्षरात 'श्वान उद्यान' लिहिलं होतं आणि खाली कंसात 'डाकघर नाही.' बकाराम आपल्या ट्रॉलीवर खुर्ची टाकून बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या धोतरात. बोडी काठोकाठ भरली होती आणि दुधरामजी पाळीवर असे उभे होते की फोटोवाल्यानं त्यांनाच पाहुणा समजून दोन फोटो काढले.

फीत कापली गेली, कुत्री आत सुटली, आणि सरपंचबाई भाषणाला उठल्या. सहा मोकाट कुत्र्यांनी कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारली, तपासणीला आल्यासारखी, आणि ट्रॉलीखाली सावलीत जाऊन आडवी झाली. बका मात्र पाळीपाशी थांबला. त्याला मातीत कसलातरी वास आला. गावाकडच्या कन्हारीबरोबर पोत्यातून एक खेकडा आलेला होता, तो पाळीत घर करून राहिला होता. बका उकरू लागला. आधी एका पायानं, मग दोन्ही.

सरपंचबाई म्हणत होत्या, "पाण्याचं नियोजन हे आपल्या जिल्ह्याच्या रक्तातच," आणि त्यांच्या चपलेखालून पाणी गेलं.

"पाळ फुटली," दुधरामजी म्हणाले.

ते ओरडले नाहीत. पण त्यांचा आवाज असा काही बदलला होता की नऊच्या नऊ माणसांनी हातातलं टाकून दिलं. चौतीस वर्षं त्यांनी पाळ फुटल्याचे अहवाल फक्त फाइलीत वाचले होते. "प्रफुल, फावडं. मास्तर, पोतं आना, रिकामं, माती भरून. रुचीबाई, त्या कुत्र्याले पकडा. कोनी भोकात हात घालू नका, मोठं होते. अडवाले काही पाहिजे. काहीतरी जड."

सगळ्यात जवळ बकाराम होते. ते ट्रॉलीवरून उतरले, पाळीकडं बघितलं, आणि इस्त्रीच्या धोतरासकट त्या फुटलेल्या जागेत बसले.

पाणी थांबलं.

"हालू नका," दुधरामजी म्हणाले.

"मी कायले हालतो," बकाराम म्हणाले. "बसाचीच सवय आहे."

त्यांच्या दोन्ही बाजूंनी माती ओतली, थर तुडवला, पुन्हा ओतली. काम झाल्यावर लक्षात आलं की बकाराम आता कमरेपर्यंत पाळीचाच भाग झाले आहेत. त्यांना ओढून काढलं तर पाळ पुन्हा फुटणार. दुधरामजींनी काठीनं मोजलं, विचार केला आणि निर्णय दिला की आधी आतल्या बाजूनं मातीचं कडं घालावं लागेल, त्याला अर्धा तास, तोवर बकारामभाऊंनी आहे तिथंच राहावं.

"ठीक आहे," बकाराम म्हणाले. "पन काहीतरी आहे खाली. चावून राहिलं."

"खेकडा होय. तो बी घाबरला असन."

सरपंचबाईंनी भाषण जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू केलं. सुमनबाईंनी येऊन पाळीतल्या माणसाची नाडी बघितली. पुष्पांजलीबाईंनी बशीत ओतून चहा दिला, कारण कप ठेवायला जागा नव्हती. बका येऊन त्यांच्या खांद्याला नाक लावून बसला. खेकडा आपल्याला सोडून दुसऱ्याला कसा मिळाला, हे त्याला कळत नव्हतं.

कडं पुरं व्हायला अर्ध्याऐवजी पाऊण तास लागला. बकाराम निघाले तेव्हा धोतर पांढरं आहे हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. पाळ टिकली. पाणी निम्मं उरलं होतं, म्हणजे कुत्र्यांना बसायला बरोबर.

संध्याकाळी सगळे गेल्यावर दुधरामजी एकटेच परत आले. पाळीच्या आतल्या अंगाला त्यांनी पाण्याच्या रेषेवर एक काडी खोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी बकाच्या मागं धावत न जाता, फाटक उघडून त्याला आत सोडून ते सरळ काडीपाशी गेले. पाणी काडीलाच होतं. त्यांनी खिशातून जुनी नोंदवही काढली, तारीख टाकली, पातळी लिहिली, आणि खाली सही करताना पदनामाच्या जागी काय लिहावं यावर बराच वेळ विचार करत पाळीवर बसून राहिले.